पेस्ट दोनदा बदलली, तरी पारा शंभरावरच

प्रश्न : माझ्या डेस्कटॉपमध्ये इंटेल कोअर आय७-१२७०० प्रोसेसर आहे. सोबत आलेल्या कूलरचा आवाज फार व्हायचा, म्हणून जुन्या संगणकातला टॉवर कूलर काढून यावर बसवला. त्यात दहाव्या पिढीचा प्रोसेसर होता. कूलरला चार हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) आणि १२० मिमीचा एक पंखा आहे. नव्या मदरबोर्डला जुन्या कूलरसाठीची भोकंही आहेत, त्यामुळे तो आपल्या जुन्या बॅकप्लेटसकट (बोर्डामागच्या आधारपट्टीसकट) सहज बसला. एरवी तापमान ४६ अंश असतं. व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की आठ सेकंदांत १०० होतं. सुरुवातीला १६० वॅट दिसतात, मग ते १२८ वर येऊन स्थिरावतात आणि वेग ४.५ गिगाहर्ट्झवरून ४ च्या आसपास घसरतो. काम थांबवलं की तीन सेकंदांत ५८ अंश. खोलीत ३० अंश असतात. थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला लेप) दोनदा बदलली, काही फरक नाही. कॅबिनेटची बाजूची पाटी काढून ठेवली तर दोनच अंश कमी होतात. आता ३६० मिमीचा लिक्विड कूलर घ्यावा का? आणि इतके दिवस १०० अंशांवर चालून प्रोसेसर खराब तर झाला नसेल ना? मधे इंटेलचे प्रोसेसर निकामी होण्याच्या बातम्या वाचल्या होत्या.

उत्तर : लिक्विड कूलर आत्ता घेऊ नका. पेस्ट तिसऱ्यांदा लावावी लागेल, पण ती कूलर पुन्हा बसवायचा आहे म्हणून. पेस्टमध्ये दोष दिसत नाही. बहुतेक जण अशा पत्रात फक्त 'शंभर अंश' एवढंच कळवतात आणि त्यावरून काहीच सांगता येत नाही. तुम्ही खोलीचं तापमान, त्या वेळचे वॅट आणि काम थांबल्यावर पारा किती झपाट्याने उतरला हेही कळवलंत. रोगाचं निदान या तीन आकड्यांतच आहे.

आधी साधा हिशेब. प्रोसेसर १०० अंशांवर आणि खोली ३० वर, म्हणजे ७० अंशांची चढण. तेव्हा वीज १२८ वॅट. ७० ला १२८ ने भागलं की दर वॅटमागे साधारण ०.५५ अंश येतात. चार हीटपाइप आणि १२० मिमी पंख्याचा ठीकठाक टॉवर कूलर या प्रोसेसरवर नीट बसला असेल, तर हा आकडा ०.४ च्या आसपास यायला हवा. त्या हिशेबाने १२८ वॅटला तुमचं तापमान ८१ दिसायला हवं होतं. म्हणजे १९ अंश कुठेतरी फुकट जात आहेत, आणि पेस्टच्या दोन चांगल्या ब्रँडमधला फरक इतका कधीच नसतो. तो दोन-चार अंशांचा खेळ. महागडी पेस्ट घेण्याचा विचार म्हणूनच सोडून द्या.

हे १९ अंश कुठे जातात ते काळ सांगतो. सिलिकॉनच्या चिपमधून उष्णता तिच्यावरच्या धातूच्या झाकणात जाते, तिथून पेस्टमधून कूलरच्या तळात, मग हीटपाइपमधून पात्यांत, पात्यांतून हवेत आणि शेवटी हवेबरोबर कॅबिनेटच्या बाहेर. यातल्या प्रत्येक टप्प्याचा वेग वेगळा. चिप नखाएवढी, तिचं तापमान सेकंदाच्या काही भागात वरखाली होतं. कूलर म्हणजे अर्धा-पाऊण किलो धातू, त्याला तापायला आणि निवायला काही मिनिटं लागतात. कॅबिनेटमधली हवा आणि आतलं सामान पूर्ण तापायला दहा ते वीस मिनिटं. तेव्हा काम थांबवल्यावर जे तापमान पहिल्या दोन-तीन सेकंदांत कोसळतं, ते चिप आणि कूलरचा तळ यांच्यामधल्या अडथळ्याचं. त्यानंतर जे सावकाश उतरतं, ते कूलर आणि हवेचं.

तुमच्याकडे १०० वरून ५८ वर तीन सेकंदांत आलं. ७० पैकी ४२ अंश त्या पहिल्या काही मिलिमीटरमध्ये अडकले होते आणि कूलर स्वतः खोलीपेक्षा जेमतेम २८ अंशांनी गरम होता. १२८ वॅट वाहून नेणाऱ्या या आकाराच्या कूलरला २८ अंश अगदी रास्त आहेत. पंखा, पाती, हीटपाइप, सगळं आपापलं काम करतंय. पण वरच्या ४२ च्या जागी २२-२५ असायला हवे होते. बाजूची पाटी काढून फक्त दोन अंश उतरले, यानेही हवेचा दोष नाही हेच दिसतं. कॅबिनेट गुदमरत असतं, तर पाटी काढल्यावर सात-आठ अंश किंवा त्याहून जास्त फरक पडला असता.

एक मात्र ध्यानात ठेवा. आठ सेकंदांत पारा चढणं हा स्वतःमध्ये दोष नाही. आजकालच्या प्रोसेसरमध्ये लहान जागेत इतकी वीज खर्च होते, की उत्तम कूलर असला तरी काम सुरू होताच पहिल्या सेकंदात वीस-पंचवीस अंशांची उडी ठरलेली. उडी मारून तो ७० वर थांबतो की थेट छताला, म्हणजे कमाल १०० अंशांना, डोकं आपटतो, हे बघायचं.

आता मूळ कारण. सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा. तुमचा कूलर एलजीए११५१ किंवा एलजीए१२०० सॉकेटसाठीच्या जोडणीवर बसलेला आहे आणि प्रोसेसर आहे एलजीए१७०० सॉकेटचा. जुन्या सॉकेटभोवतीची भोकं ७५ मिमी अंतरावर असत, नव्याची ७८ मिमीवर आहेत. जुने कूलर चालावेत म्हणून काही बोर्डांवर दोन्ही संच पाडलेले असतात आणि त्यामुळे कूलर बसतो. पण भोकांइतकीच महत्त्वाची आहे उंची, आणि ती कोणी सांगत नाही. बोर्डाच्या पृष्ठभागापासून प्रोसेसरच्या झाकणाच्या माथ्यापर्यंतचं अंतर एलजीए१७०० मध्ये जवळपास पाऊण मिलिमीटरने कमी झालं. कूलरचे स्क्रू ठरावीक ठिकाणी जाऊन थांबतात, कारण त्यांच्या खांबांची उंची जुन्या मापाची आहे. स्क्रू घट्ट लागला, आणखी फिरत नाही, कूलर हलत नाही, तरी खाली पुरेसा दाब नाही. स्प्रिंगने जो पाऊण मिलिमीटर दाबायला हवा होता तो तसाच राहिला. मग पेस्टचा पातळ पापुद्रा होण्याऐवजी जाड थर राहतो. पेस्ट धातूच्या तुलनेत फारच मंद वाहक असते, तिचं काम फक्त सूक्ष्म खाचा भरण्यापुरतं. तिचा थर जाड झाला की तीच अडसर होते. दोन वेळा पेस्ट बदलून काही झालं नाही ते यामुळे. दोन्ही वेळा दाब तोच राहिला.

कूलर काढण्याआधी एक खात्री करून घेता येईल. एक्सपोर्ट पाच मिनिटं चालू ठेवा आणि पंख्याच्या पात्यांपासून बोटं जपून, कूलरच्या तळाजवळ जिथे हीटपाइप बाहेर पडतात तिथे क्षणभर हात लावा. प्रोसेसर १०० दाखवतोय आणि पाइप क्षणभर बोट टेकवता येईल इतपतच गरम आहेत, तर उष्णता वर पोचतानाच अडखळते आहे. तिथे बोट टेकवलं की लगेच मागे घ्यावं लागत असेल, तर उष्णता पोचते आहे आणि अडचण पुढे आहे. तुमच्या आकड्यांवरून पहिलाच प्रकार निघेल.

तेव्हा पहिलं काम : तुमच्या कूलरच्या कंपनीकडे याच मॉडेलसाठी एलजीए१७०० चा जोडणी संच मिळतो का ते पाहा. त्यात नवी बॅकप्लेट, योग्य उंचीचे खांब आणि आडव्या पट्ट्या असतात. नॉक्टुआसारख्या काही कंपन्या जुन्या कूलरसाठी असे संच वेगळे देतात. मॉडेल क्रमांक जुळवूनच घ्या. 'सगळ्यांना चालणारा' म्हणून मिळणारा संच तुमच्या कूलरच्या पट्टीला लागेलच असं नाही. जुन्याच खांबांखाली वॉशर घालणं, खांब घासून कमी करणं, स्क्रूवर जोर लावून अर्धा फेरा जास्त मारणं, असले उद्योग करू नका. दाब एका बाजूला जास्त झाला तर सॉकेटच्या पिनांचा संपर्क बिघडतो. मग मेमरीची एक स्टिक दिसेनाशी होते, नाहीतर संगणक सुरूच होत नाही, आणि दोष शोधायला तुम्ही भलत्याच ठिकाणी जाता.

संच येईपर्यंत सोबत मिळालेला कूलर परत लावून काम चालवता येईल. मात्र त्यासोबत पुढे सांगितलेली वीजमर्यादा ६५ वॅटवर ठेवा. त्याच्या चार प्लास्टिकच्या पिना लावताना आधी चारही पिनांची डोकी बाणाच्या उलट दिशेला वळलेली आहेत ना ते पाहा, मग तिरप्या समोरासमोरच्या दोन पिना एकाच वेळी टक असा आवाज येईपर्यंत दाबा, नंतर उरलेल्या दोन. एकीकडून सुरुवात करून गोल गोल दाबत गेलात तर चौथी पीन हमखास अर्धवट राहते. बोर्डाच्या मागून बघितलं तर चारही काळ्या पिना पांढऱ्या टोकांमधून पूर्ण बाहेर आलेल्या दिसल्या पाहिजेत.

कूलर काढायची रीत. संगणक दहाएक मिनिटं चालवून पेस्ट जरा कोमट होऊ द्या, मग बंद करा. पॉवर सप्लायचं मागचं बटण बंद, वायर काढलेली, आणि पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरलेलं. पंख्याची वायर आधी काढा. ती विसरली तर कूलर उचलताना बोर्डावरचा पिनांचा संच तुटतो. स्क्रू समोरासमोरचे, आलटून पालटून दोन-दोन फेरे सैल करा. कूलर सरळ वर ओढू नका, डावीउजवीकडे हलकेच पिळून पेस्ट सोडवा. तुमच्या सॉकेटमध्ये प्रोसेसर चौकटीखाली अडकवलेला असतो, त्यामुळे धोका कमी. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर मात्र सरळ ओढलेला कूलर प्रोसेसरला पिनांसकट उपटून आणतो आणि मग वाकलेल्या पिना सरळ करत बसायची वेळ येते.

कूलर निघाला की लगेच पुसू नका. पेस्टचा ठसा बघा, तो सगळं सांगतो. दाब चांगला होता तर झाकणाच्या मध्यभागी पेस्ट इतकी पातळ असते की खालचा धातू आणि त्यावरची अक्षरं अंधुक दिसतात, आणि जादा पेस्ट कडेला ढकललेली असते. दाब कमी होता तर मधे जाड, करड्या रंगाचा, टोकं निघालेला थर दिसतो. एका कडेला पातळ आणि दुसरीकडे जाड असेल, तर कूलर तिरका बसला होता. तुम्हाला जाड थर दिसेल अशी माझी जवळजवळ खात्री आहे. समजा तो छान पातळ निघाला, तर थांबा आणि मला पुन्हा लिहा, कारण मग हे निदान चुकलं.

साफ करायला किमान ९० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड. पेस्ट लावताना १२७०० चं झाकण चौकोनी नसून लांबट आहे हे लक्षात ठेवा. मधोमध ३-४ मिमीचा एक ठिपका आणि चार कोपऱ्यांच्या थोडं आत २ मिमीचे चार ठिपके. पसरवायची गरज नाही, दाब पसरवतो. थोडी जास्त झाली तरी साध्या पेस्टने नुकसान होत नाही, ती कडेने बाहेर येते. कमी पडली तर मात्र कोपरे कोरडे राहतात. गॅलियमचा लिक्विड मेटल वापरण्याचा मोह झाला तर कूलरचा तळ कशाचा आहे ते आधी बघा. ॲल्युमिनियमला गॅलियम पोखरून टाकतं, शिवाय ते वीजवाहक असल्याने एक थेंब घरंगळला तरी बोर्ड जाऊ शकतो. तुमच्या प्रश्नावर त्याची काहीही गरज नाही. कूलर ठेवल्यावर चारही (किंवा दोन्ही) स्क्रू आधी दोन-तीन फेरे पकडवून घ्या आणि मग समोरासमोर आलटून पालटून शेवटपर्यंत न्या. पंखा पात्यांतून हवा कॅबिनेटच्या मागच्या बाजूला ढकलेल असा लावा. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या काड्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते.

एवढ्याने १९ अंश परत मिळावेत. पण अर्धंच काम झालं. दर वॅटमागे ०.४ अंश धरले तर १६० वॅटला ६४ अंशांची चढण होते, म्हणजे खोलीच्या ३० वर ९४. आणि इंटेलने या प्रोसेसरला दिलेली टर्बोची (थोड्या वेळापुरत्या वाढीव वेगाची) कमाल १८० वॅट प्रत्यक्षात ओढली गेली, तर हिशेब १०२ वर जातो, म्हणजे पुन्हा छत. म्हणून दुसरा उपाय बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये आहे.

आय७-१२७०० ची मूळ वीजमर्यादा ६५ वॅट आहे आणि थोड्या वेळापुरती, साधारण अर्धा मिनिट, १८० वॅटची मुभा आहे. बोर्ड बनवणाऱ्या कंपन्या चाचण्यांत आपला बोर्ड वेगवान दिसावा म्हणून ही वेळेची आणि वॅटची मर्यादा पुष्कळदा आपणहून उठवून टाकतात. एमएसआयच्या काही बोर्डांवर पहिल्यांदा सुरू करताना कूलरचा प्रकार विचारतात. तिथे 'वॉटर कूलर' निवडलं की मर्यादा ४०९६ वॅट होते, म्हणजे नाहीच. असूसच्या बोर्डांवर 'मल्टिकोअर एन्हान्समेंट' नावाचा पर्याय असतो, तो सर्व मर्यादा पाळण्याच्या स्थितीत ठेवायचा. गिगाबाइटवर 'टर्बो पॉवर लिमिट्स' शोधा. नावं बायोसच्या आवृत्तीनुसार थोडी बदलतात, पण आकडे भरायच्या जागा तीनच : दीर्घकालीन मर्यादा, अल्पकालीन मर्यादा आणि अल्पकालीन किती सेकंद चालू द्यायची ते. तुम्ही अनुक्रमे १२५, १६० आणि २८ भरा. छोट्या कामांना पूर्ण वेग मिळेल आणि लांबलचक एक्सपोर्ट ८० अंशांच्या आसपास चालेल.

वेग किती जाईल या भीतीने लोक हा बदल टाळतात. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वारंवारतेच्या प्रमाणात वाढते, आणि वारंवारतेचे शेवटचे दोन-तीनशे मेगाहर्ट्झ मिळवायला व्होल्टेज बरंच वर न्यावं लागतं. त्यामुळे वरच्या टोकाची वीज कापली तर वेग त्या मानाने फार थोडा कमी होतो. तुमच्या बाबतीत तर तो वाढायला हवा. आत्ता तुम्हाला १२८ वॅट मिळतात तेही १०० अंशांवर, आणि तापलेली चिप तेवढ्याच कामाला विजेच्या गळतीमुळे काही वॅट जास्त खाते. तीच चिप ८० अंशांवर १२५ वॅटमध्ये किंचित जास्त काम करेल.

व्होल्टेज कमी करण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण शोधाशोध करताना तो सल्ला नक्की भेटेल म्हणून सांगते. तुमच्यासारख्या, नावात 'के' नसलेल्या प्रोसेसरवर व्होल्टेज थेट कमी करण्याची सोय बऱ्याच बोर्डांवर बंद असते. एमएसआयवर 'लाइट लोड' आणि इतर ठिकाणी 'एसी लोडलाइन' अशा आडवाटेने ते होतं. एकेक पायरी खाली जा आणि प्रत्येक पायरीला सिनेबेंच आर२३ ही वेगचाचणी दहा मिनिटं चालवून गुण लिहून ठेवा. तापमान उतरलं आणि गुणही पडले, तर समजा की प्रोसेसरची स्वतःची संरक्षण यंत्रणा मधे पडून त्याला मागे खेचते आहे. ही थंडाई नाही, कामचुकारपणा आहे. एक पायरी वर या.

पंख्याचा आवाज हे तुमचं मूळ दुखणं होतं, तेव्हा त्याचंही बघू. पंखा सतत वरखाली हुंकारतो तो तापमानाच्या क्षणिक उड्यांमागे धावत असतो म्हणून. बायोसमध्ये पंख्याच्या आलेखाजवळ वेग वाढवण्यापूर्वी थांबायची वेळ असते. ती तीन ते पाच सेकंद करा. कूलरचा धातू तेवढ्यात तापत नाही, त्यामुळे काही बिघडत नाही. आलेख असा चालेल : ५० अंशांपर्यंत ३५-४० टक्के, ७० ला ६५ टक्के, ८५ ला पूर्ण. पंखा 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागीच लावलेला आहे ना हेही बघा. तीन तारांचा पंखा पीडब्ल्यूएम पद्धतीवर (चौथ्या तारेने वेग ठरवण्याच्या) ठेवला तर तो कायम पूर्ण वेगाने फिरतो, त्याला डीसी पद्धत (व्होल्टेज कमी-जास्त करून वेग ठरवण्याची) द्यावी लागते.

एरवीच्या ४६ अंशांची काळजी नको. रिकामा असताना प्रोसेसर १०-२५ वॅट घेतो आणि पंखा मंद असतो. मात्र काहीही न करता ४०-५० वॅट दिसू लागले, तर टास्क मॅनेजरमध्ये कोण जागं आहे ते बघा.

आता नुकसानीची शंका. १०० अंश ही या प्रोसेसरची इंटेलनेच ठरवलेली कमाल आहे. तिथे पोचला की तो स्वतःचा वेग आणि वीज कमी करतो. तुमचे १६० वॅट १२८ वर आले ते त्यामुळेच, आणि एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'थर्मल थ्रॉटलिंग' (तापल्यामुळे वेग कापणं) समोर 'येस' दिसत असेल. तो स्वतःचं रक्षण करत होता. वर्षानुवर्षं तसंच चालवू नये हे खरं, पण एवढ्याने तो गेला असं समजू नका. बातम्यांमध्ये तुम्ही वाचलंत ते प्रकरण १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरचं होतं. तिथे मुद्दा जास्त व्होल्टेजचा होता आणि इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या काढल्या, त्यातली पहिली ठळक ०एक्स१२९. वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. तुमची १२ वी पिढी त्यात नाही. ज्यांच्याकडे त्या दोन पिढ्यांचे प्रोसेसर आहेत त्यांनी मात्र तापमानाच्या मागे लागण्याआधी बायोस अद्ययावत करावा.

३६० मिमीच्या लिक्विड कूलरने काय झालं असतं? त्याच्यासोबत एलजीए१७०० ची योग्य जोडणी आली असती, दाब नीट पडला असता, पारा खाली आला असता, आणि श्रेय पाण्याला गेलं असतं. २५३ वॅटची मर्यादा असलेल्या मोठ्या 'के' प्रोसेसरना त्याचा खरा उपयोग होतो. १२५ वॅटला तुमचा आहे तो कूलर पुरेसा आहे. १८० वॅट सतत चालवायचे असतील तर दोन मनोऱ्यांचा, दोन पंख्यांचा एअर कूलर बघा, त्याची उंची १६० मिमीच्या आसपास असते म्हणून कॅबिनेटची मर्यादा आधी तपासा. लिक्विडमध्ये पंप हा एक जादा बिघडणारा भाग असतो. तो बंद पडला की पंखे फिरत राहतात आणि तापमान काही सेकंदांतच टोकाला जातं. रेडिएटर (पाणी निववणारी जाळी) कुठेही लावा, पण पंप हा सगळ्या चक्रातला सर्वांत उंच भाग होऊ देऊ नका, नाहीतर आतली हवा तिथे जमून गुरगुर सुरू होते.

ज्या वाचकांचं चित्र तुमच्याहून वेगळं आहे, म्हणजे पारा पंधरा-वीस मिनिटं हळूहळू चढत राहतो आणि काम थांबल्यावरही आरामात उतरतो, त्यांनी कूलरला हात लावू नये. त्यांचा दोष हवेत आहे : पात्यांत धूळ, पुढच्या जाळीवर धुळीचा गालिचा, पुढचे आणि मागचे पंखे दोन्ही बाहेर फेकणारे, किंवा ग्राफिक्स कार्डाची गरम हवा वर येऊन कूलरमध्ये शिरणारी. फक्त खेळतानाच तापत असेल तर हे शेवटचं कारण. धूळ उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, हवेच्या झोताने ती बेफाम फिरली तर बेअरिंगला इजा होते. तापमान ७०-७५ असूनही वेग एकदम कोसळत असेल तर प्रोसेसर निर्दोष आहे. स्वस्त बोर्डांवरचा वीज पुरवणारा व्हीआरएम तापलेला असतो, आणि त्यावरही उपाय वीजमर्यादा हाच.

एएमडीवाल्यांसाठी दोन ओळी. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर सगळे कोअर कामाला लागले की ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवले आहेत. ७८००एक्स३डी ची कमाल ८९ आहे. तिथे चांगला कूलर लावला तरी आकडा तोच राहून फक्त वेग वाढतो, म्हणून तापमानाऐवजी वेग बघा. आवाज आणि उष्णता कमी हवी असेल तर बायोसमधला 'इको मोड' लावा. ६५ वॅटच्या इको मोडमध्ये प्रत्यक्ष मर्यादा ८८ वॅट असते. फार जुन्या १७००एक्स आणि १८००एक्स वर काही प्रोग्रॅम २० अंश जास्त दाखवत, कारण एएमडीनेच पंख्यांसाठी तेवढी भर घातली होती. तिथे आधी आकडाच खरा आहे का ते पाहावं.

संच बसवून झाल्यावर वीजमर्यादा बदलण्याआधी एकदा तोच एक्सपोर्ट लावा, म्हणजे दोन उपायांचे परिणाम एकमेकांत मिसळणार नाहीत. दहा मिनिटांनंतरचे वॅट, तापमान, खोलीचं तापमान आणि थांबवल्यावर तीन सेकंदांनी दिसलेला आकडा लिहून ठेवा. तीन सेकंदांतली घसरण अजूनही ३५ च्या वर असेल, तर सॉकेटच्या चौकटीने प्रोसेसरचं झाकण मधे किंचित वाकवलं आहे का हे बघावं लागेल. या सॉकेटमध्ये तो दोष माहीत असलेला आहे, आणि त्यासाठी मूळ चौकटीऐवजी लावायची कॉन्टॅक्ट फ्रेम मिळते. तिने काही अंश उतरतात, पण वॉरंटीचा प्रश्न येतो आणि जास्त आवळली तर मेमरी रुसते. तोवर तिच्या वाटेला जाऊ नका.